बीटी मका: अळीवर तोडगा, बुरशीवर अर्धाच

नागपूर - जनुकीय सुधारित मक्याचा विषय निघाला, की चर्चा अळी आणि फवारणीच्या खर्चापाशी थांबते. दाण्यावरील बुरशीचे विष हा खरे तर ग्राहकाच्या ताटाशी निगडित मुद्दा. पण तो क्वचितच मांडला जातो. जानेवारी २०१० मध्ये बीटी वांग्यावरील जनसुनावणी नागपुरात झाली होती. पुढच्याच महिन्यात त्या वांग्याला स्थगिती मिळाली. बीटी मक्याच्या व्यापारी लागवडीलाही भारतात परवानगी नाही.

अळीने कणीस पोखरले, की त्या जखमेतून फ्युजेरियम बुरशी शिरते आणि फ्युमोनिसिन हे विष तयार करते. अळीच मेली, तर बुरशीची वाट बरीचशी बंद होते. अनेक देशांतील प्रयोगांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात जनुकीय सुधारित मक्यात फ्युमोनिसिन सुमारे ३० टक्के कमी आढळले. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

परंतु भारताचा जुना शत्रू वेगळा आहे. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला बुरशीयुक्त मका खाऊन ३९७ जण काविळीने आजारी पडले; त्यापैकी १०६ जण दगावले. ते विष अफ्लाटॉक्सिनचे होते. पिकाला बसलेला पाण्याचा ताण, उष्णता आणि ओलसर साठवण यांमुळे ते वाढते. बीटीचा परिणाम त्यावर तितकासा खात्रीचा दिसलेला नाही. ओल्या गोदामात बियाण्यातील जनुक काय करणार?

फ्युमोनिसिनवरील लाभही कायमचा नव्हे. अळी मरते तोवरच तो टिकतो. हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तेच वाण फस्त केले. २०१८ मध्ये भारतात शिरलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा इतिहासही आश्वासक नाही. प्युर्टो रिकोमध्ये तिने बीटी मक्याच्या एका जनुकाला दाद देणे कधीच सोडले आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच असल्याने प्रतिकारशक्तीचा हा धडा शहराच्या वेशीवरच उपलब्ध आहे.

तूर्त गरज आहे ती काढणीनंतरच्या वाळवणीची आणि तपासणीची. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १४ टक्के आहे. धान्यातील अफ्लाटॉक्सिनची कायदेशीर मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. मात्र लिलावात भाव ठरतो तो दाण्याचा रंग आणि ओलावा पाहून. विष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही कोणी कापत नाही. मग शेतकऱ्याने वाळवणीवर खर्च का करावा?

नाकारलेला माल बहुधा पशुखाद्यात जातो आणि तेथून दुधात. २०१८-१९ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा अधिक होते. आता मक्यापासून इथेनॉल बनते आणि उरलेला चोथा कोंबड्या व दुभत्या जनावरांना घातला जातो. विष इथेनॉलमध्ये उतरत नाही. ते चोथ्यातच राहते आणि त्याचे प्रमाण मूळ दाण्यापेक्षा सुमारे तिप्पट होते.