एक कान आहे ना, मग कशाला रडता?

गालगुंड होतात, आठवड्यात उतरतात. पण एखाद्या पोराचा एक कान कायमचा घेऊन जातात. घरात कुणाला पत्ता लागत नाही, कारण दुसरा कान शाबूत असतो. वर्गातल्या गोंगाटात मात्र शब्द निसटतात, आवाज कुठून आला ते समजत नाही. मग पोरगं 'ढ' ठरतं. पोरगं आपल्या वस्तीतलं असेल तर 'यांचं असंच' म्हणायला लोक मोकळे!

आता व्यवस्थेचं गणित बघा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात बहिरेपण मोजलं जातं ते दोन्ही कानांचं. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चांगल्या कानाच्या टक्केवारीला पाचने गुणायचं, वाईट कानाची टक्केवारी मिळवायची आणि सहाने भागायचं. एक कान ठार बहिरा, दुसरा ठणठणीत, तर उत्तर जेमतेम 17 टक्के. सवलतींची अट 40 टक्क्यांची. म्हणजे पूर्ण मेलेला कान कागदावर जवळपास जिवंतच!

केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांट मिळतं, पण दोन्ही कान गेले असतील तरच. अमेरिकेत मात्र एका कानाच्या बहिरेपणासाठी, पाच वर्षांवरील रुग्णांना, 2019 पासून त्याला मान्यता आहे. ते सरसकट बसवा असं आम्ही म्हणत नाही. श्रवणाची नस शाबूत आहे का हे एमआरआयने बघावं लागतं, नंतर महिनोन्महिने सराव लागतो. कान बंद पडून वर्षं लोटली की फायदाही घटतो. पण हा निर्णय तपासणीने व्हावा, बापाच्या खिशाने नव्हे.

आणि मूळ अन्याय तर लसीतच आहे. पैसेवाल्याच्या लेकराला खाजगी दवाखान्यात एमएमआर मिळते. आपल्या लेकराला सरकारी लसीकरणात एमआर, म्हणजे गोवर-रुबेला. गालगुंडाचा 'एम' तेवढा गायब!

कुणी म्हणेल, आधी दोन्ही कान गेलेल्यांचं बघा. दोन वंचितांना एका भाकरीसाठी झुंजवणं ही या व्यवस्थेची जुनी खोड आहे. आम्ही त्यात पडणार नाही.

9 ऑक्टोबर 2024 ला बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. मग तिथे कानांची पूर्ण तपासणी का नको? जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत प्रत्येक मुलाचे दोन्ही कान वेगवेगळे तपासा. लसीत गालगुंड घाला. एका कानाचं बहिरेपण योजनेत घ्या. निवेदनं तालुक्या-तालुक्यातून गेली पाहिजेत.

आणि मित्रांनो, एक गोष्ट आपल्यासाठी. एकच कान उरलेल्या लेकरासमोर जयंतीचा डीजे लावताना विचार करा. बाबासाहेब ऐकवायचे असतील तर ऐकणारे कान शिल्लक ठेवावे लागतील.

जय भीम!