परदेशी किती, यापेक्षा मुरलेले किती?

२६ डिसेंबर १९९९ रोजी साउदॅम्प्टनच्या मैदानावर चेल्सीचा संघ उतरला आणि इंग्लंडमध्ये अनेकांच्या भुवया उंचावल्या. पहिल्या अकरा जणांत एकही ब्रिटिश नव्हता. चेल्सीने सामना २-१ असा जिंकला. दोन्ही गोल नॉर्वेच्या टोरे आंद्रे फ्लोचे. त्या मोसमात संघ लीगमध्ये पाचवा आला, एफए कप मात्र पटकावला. परदेशी भरतीला नावे ठेवणाऱ्यांना पुरावा मिळाला, तसा तिची तळी उचलणाऱ्यांनाही.

१९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवरची राष्ट्रीयत्वाची मर्यादा उठली, तेव्हापासून हा वाद धुमसतो आहे. देशोदेशीचे खेळाडू घेता आले की निवडीला वाव वाढतो, यात शंका नाही. पण ऑफसाइडच्या सापळ्यासाठी चारही बचावपटूंना एकाच क्षणी पुढे सरकावे लागते. शेजारचा काय करणार, हे तिथे विचारून नव्हे, सवयीने कळावे लागते.

२०१० च्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. बायर्न म्युनिकविरुद्ध इंटर मिलानच्या पहिल्या अकरा जणांत एकही इटालियन नव्हता. ३५ व्या मिनिटाला ब्राझीलच्या ज्युलिओ सेझारने गोलजवळून लांब किक मारली, अर्जेंटिनाच्या मिलिटोने ती डोक्याने नेदरलँड्सच्या स्नायडरकडे वळवली, परतीचा पास घेतला आणि चेंडू जाळ्यात धाडला. इंटरने सामना २-० असा जिंकला. मात्र त्या अकरांपैकी झानेट्टी १९९५ पासून क्लबमध्ये होता. तो धरून सहा जण किमान तिसरा मोसम एकत्र खेळत होते. नवे पाचच, आणि ते या मुरलेल्या सांगाड्यावर बसवलेले. कॅमेरूनचा एटो हा तर हाडाचा गोलवीर, पण प्रशिक्षक मोरिन्यो यांनी त्याला कडेला खेळवले आणि तो बचावासाठी मागे धावत राहिला.

याउलट पॅरिस सेंट-जर्मेन. मेस्सी, नेमार आणि एमबाप्पे २०२१ ते २०२३ असे दोन मोसम एकत्र खेळले आणि दोन्ही वेळा चॅम्पियन्स लीगमध्ये संघ उपउपांत्यपूर्व फेरीतच गारद झाला. तिघेही गेल्यावर, २०२५ मध्ये, प्रशिक्षक लुईस एन्रिके यांच्या याच संघाने अंतिम फेरीत इंटरचा ५-० असा धुव्वा उडवला. त्या दिवशीचे पहिले अकरा जण आठ देशांचे होते. विविधता तशीच राहिली. बदल झाला तो असा की आघाडीवीरही चेंडू हिसकावण्यासाठी जिवाचे रान करू लागले.

दुसऱ्या टोकाला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आहे. केवळ बास्क प्रदेशातले किंवा तिथे घडलेले खेळाडू घेणारा हा क्लब ला लिगामधून आजवर खालच्या श्रेणीत गेलेला नाही. लहान मुलखातून खेळाडू निवडायचे म्हटल्यावर लीगच्या विजेतेपदाची मात्र १९८४ पासून वाट पाहावी लागते आहे.

इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ साली मैदानात एका वेळी सहा परदेशी चालत; २०२१-२२ पासून ही मर्यादा चारवर आली. आपल्याकडे वाद रंगतो तो या आकड्यावरच. मुंबई आणि गोव्याच्या चाहत्यांनी यापुढे आपल्या क्लबला आणखी एक प्रश्न विचारावा: या चौघांपैकी किती जण पुढच्या मोसमातही इथेच असणार आहेत?