गैरहजेरीचें कारण

सीतादही होऊन कापसाची वेचणी लागली, कीं आमच्या पुलगांवच्या हजेरीपटांत गैरहजेरीच्या खुणा वाढत. एकदां अशाच एका मुलाच्या घरीं गेलों, तों तो धाकट्या बहिणीस मांडीवर घेऊन बसलेला, आई शेतांत. मला अमरकोश मुखोद्गत होता. पण त्या माउलीशीं काय बोलावें, हें कोणीं शिकविलें नव्हतें.

ही विद्या शिकविणारी संस्था मुंबईस १९३६ सालींच निघाली. आज तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतात. गळती थांबविण्याकरितां समुपदेशक अथवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ते शाळांशीं जोडावे, असें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांतहि आहे. उत्तम! परंतु शिक्षकांस जनगणना व निवडणूक हीं कामें २००९ च्या कायद्यानें चुकत नाहींत. कार्यकर्त्याच्या हातींहि तेच तक्ते पडले, तर त्यानें घरोघर जावें केव्हां? मुलाचें गाऱ्हाणें ऐकावयास दार लावतां येईल अशी खोली हवी, फिरण्याचा खर्च हवा, आणि वर्षावर्षाच्या कंत्राटाऐवजीं कायमची नेमणूक हवी. आईबापांचा विश्वास कांहीं एका वर्षांत बसत नाहीं.

त्या मुलाचें नांव मीं संक्रांतीनंतर पटावरून कमी केलें. कारणाच्या रकान्यांत लिहिलें : ‘सतत गैरहजर’.