बियाणे मोजक्या हातांत, धोका सगळ्यांच्या शिवारात

मृगाची चाहूल लागली की विदर्भ-मराठवाड्यातील कृषी सेवा केंद्रांसमोर कपाशीच्या बियाण्यासाठी रांगा लागतात. दुकानात पाकिटांची नावे ढीगभर, पण त्यातील जवळपास सगळ्या वाणांत बोंडअळीला मारणारी जनुके एकाच कंपनीच्या तंत्रज्ञानातून आलेली. बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले आणि काही वर्षांतच देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले.

जगाच्या बाजारातही हेच चित्र आहे. डाऊ आणि ड्युपाँट २०१७ मध्ये एकत्र आल्या व त्यांच्या शेती विभागांतून पुढे कोर्टेवा जन्मली. त्याच वर्षी सिंजेंटा चीनच्या केमचायनाकडे गेली. २०१८ मध्ये बायरने सुमारे ६,३०० कोटी डॉलर मोजून मोन्सँटो विकत घेतली. बियाणे विकणारा आणि कीटकनाशक विकणारा आता बहुधा एकच असतो.

हा प्रश्न केवळ किमतीचा नाही, जीवशास्त्राचाही आहे. निसर्गात वैविध्य हाच विमा असतो. अमेरिकेत १९७० मध्ये बहुतेक संकरित मका एकाच मातृवंशाच्या आधारे तयार केला जात होता. पानांवर करपा आणणाऱ्या एका बुरशीला नेमका तोच वंश मानवला आणि देशातील सुमारे १५ टक्के पीक हातचे गेले.

आपल्याकडे गुलाबी बोंडअळीने तोच धडा दिला. हजारो एकरांवर तेच विष वर्षानुवर्षे राहिले, की त्याला पुरून उरणाऱ्या अळ्याच मागे राहतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. हे टाळण्यासाठी शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशी लावायची असते. पण ती फारशी कुणी लावली नाही. आपल्याकडचे संकरित वाण लांब मुदतीचे असल्याने अळीला खाद्यही दीर्घकाळ मिळत राहिले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात या अळीने कपाशीचे प्रचंड नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला.

या मृत्यूंचे सारे खापर कंपन्यांच्या विलीनीकरणावर फोडता येणार नाही. औषधांची घातक मिश्रणे, डोक्याइतकी वाढलेली दाट कपाशी, हातमोजे-मास्कचा अभाव आणि ढिसाळ देखरेख हेही तितकेच कारणीभूत होते. मात्र ज्या शेतकऱ्यापुढे दुसरे बियाणेच नाही, त्याला फवारणी वाढवण्याखेरीज मार्गही उरत नाही.

पर्याय आहेत. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बियाणे राखून ठेवता येते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे जपण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिलेला आहे. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभारून हा हक्क प्रत्यक्षात आणला. पण एका बाईने घरातून जे केले, ते राज्याच्या कृषी विद्यापीठांनी आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने मोठ्या प्रमाणावर करायला हवे. कमी मुदतीच्या सरळ वाणांचे पुरेसे बियाणे वेळेत दुकानात पोहोचले, तरच रांगेतल्या शेतकऱ्याला निवड मिळेल. त्यासाठी संशोधनाला पैसा लागेल. तो देणे हा शेतीइतकाच आरोग्यावरचाही खर्च मानला पाहिजे.