बोटांना लागलेली कळ!

मराठीत 'कळ' शब्दाचे अर्थ बरेच. पोटात येते ती कळ, दोघांत लावली जाते ती कळ आणि दाबली की यंत्र चालतं, तीही कळच! रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरात या तिन्ही कळा सध्या एकदम उठू शकतात. निमित्त, कॉम्प्युटरचा की-बोर्ड.

'पारा' म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. कंकाली तलावाजवळचा हा जुना भाग. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर आले, तेव्हापासून छत्तीसगढात मराठी माणसं स्थिरावत गेली. पुढे कचेऱ्यांतल्या नोकऱ्या आल्या आणि त्यासाठी टायपिंगचा क्लासही आला. अशा घरातल्या आजोबांनी बोटं झिजवली, ती हिंदी रेमिंग्टनवर. नातू मात्र चांगला चालता की-बोर्ड बाजूला सारून सुटे भाग मागवतो. बाबा विचारतात, ''पाचशे रुपयांत मिळतो, त्याला पंधरा हजार कशाला?''

प्रश्न रास्त आहे. साध्या की-बोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून रबराची एकच चादर असते. बटण पार तळाला टेकेपर्यंत दाबावं लागतं. 'मेकॅनिकल' प्रकारात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, त्याची स्वतःची स्प्रिंग. बटण चार मिलिमीटर खाली जातं, पण दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. जर्मनीच्या 'चेरी' कंपनीने १९८०च्या दशकात हे स्विच बाजारात आणले. त्यातला निळा 'कट्' असा वाजतो, तपकिरी बोटाला नुसती खाच जाणवून देतो, लाल मुकाट खाली जातो. मूळ पेटंटची मुदत २०१४च्या सुमारास संपली, चिनी कंपन्या धंद्यात उतरल्या आणि रंगांची, आवाजांची जत्राच भरली!

आपल्याकडे हा निळा आवाज नवा नाही. 'टीव्हीएस गोल्ड' नावाचा की-बोर्ड दुकानांच्या गल्ल्यांवर आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं असाच कटकटत आला आहे. तो ऐकून चटक लागली, की माणूस स्वतःचा बांधायला घेतो.

आणि इथे खरा छळ सुरू होतो. छोट्यात छोट्या प्रचलित की-बोर्डाला ६१ बटणं. प्रत्येक स्विच उघडायचा, बारीक ब्रशने आत ग्रीस फिरवायचं, स्प्रिंग बसवून पुन्हा मिटायचा. ६१ वेळा! ग्रीस जास्त झालं की स्विच चिकट. कट् वाजणाऱ्याला लावलं, तर त्याचा आवाजच बसतो. स्पेसबारखालची तार खडखडते, तिची पूजा वेगळी. आई जेवायला हाका मारते. ''आलो, एकच राहिला,'' हे उत्तर नेहमी खोटं असतं.

पैशांचं दुखणं वेगळंच. यात 'ग्रुप बाय' नावाचा प्रकार आहे. गिऱ्हाइकांनी आधी पैसे भरायचे, मग माल बनणार, हाती यायला कित्येक महिने. मधेच विक्रेत्याने दुकान गुंडाळलं, तर पैसे बुडालेच. कॉलेजच्या फीचे पैसे त्यात घालणाऱ्या पोराचा कान बाबांनी धरायलाच हवा. शिवाय पहिला की-बोर्ड पुरा होण्याआधी दुसऱ्याची यादी तयार असते, हेही त्यांनी समजून असावं.

आजोबांची गोष्ट निराळी. बहुतेक हौशी बटणांवर इंग्रजी अक्षरं असतात, देवनागरी क्वचितच. भारतीय मानकात १९९१ साली आलेल्या 'इन्स्क्रिप्ट' रचनेत 'क' हा इंग्रजी 'के'च्या बटणावर बसतो आणि शिफ्ट दाबला की त्याचाच 'ख' होतो. सोपं आहे. पण रेमिंग्टनवाल्यांचा 'क' असतो 'डी'च्या जागी, आणि चाळीस वर्षांची सवय बोटं सोडत नाहीत. त्यांच्यासाठी कॉम्प्युटरमध्ये रेमिंग्टनची रचना बसवता येते. बटणं अगदी कोरी, बिनअक्षरांची लावली तरी चालतं. अशा कोऱ्या की-बोर्डावर नातू दर शब्दाला अडखळेल. आजोबा नाहीत. फक्त ओळ संपत आली तरी घंटी कशी वाजली नाही, असं वाटून त्यांचा डावा हात कॅरेज ढकलायला हवेत जाईल!