पिंगुळीच्या बाहुल्या पनवेलात हव्यात

आम्ही नवीन पनवेलचे कोकणी गणपतीला गाडी पकडतो ती कुडाळची. कुडाळलगतच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. चामड्याची बाहुली पडद्याआड दिव्यासमोर धरतात आणि पडद्यावर राम-रावणाच्या सावल्या लढतात. हुडूक वाजतो, कथेकरी गातो. माझी नात हे पाहताना मोबाइल विसरली. मी हरखून तिच्याकडेच बघत राहिले!

एकेकाळी सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. संस्थानं गेली आणि पोटाचा प्रश्न उरला. अशा काळात पिंगुळीचे कलावंत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जावाच्या वायांग आणि जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यांना युनेस्कोने 2003 मध्ये गौरवलं. तिथे या कलेला प्रेक्षक आहे. आपण मात्र सत्कार करून मोकळे होतो. कलावंताला प्रयोग हवेत, रीतसर मानधन हवं.

पनवेलात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, शाळा आहेत, गणेश मंडळं आहेत. मंडळांनो, यंदा वर्गणीतली एक रात्र पिंगुळीच्या खेळाला द्या.