अंगावरून वारं गेलेल्या माणसाला खाटेला खिळवू नका!

कुणाच्या अंगावरून वारं गेलं की सगळं घर दवाखान्याकडे धावतं. जीव वाचतो, डिस्चार्ज मिळतो आणि घरी आल्यावर सगळे एकच सांगतात, "आता आराम करू दे. अंगात ताकद आली की व्यायामाचं बघू." या समजुतीपायी पुन्हा चालू शकली असती अशी माणसं खाटेवरच राहतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे पाहवत नाही, म्हणून ही कळकळीची विनंती.

पक्षाघातात बिघाड हातापायांत नसतो, मेंदूत असतो. रक्तपुरवठा तुटून मेंदूचा जो भाग मेला, तो परत येत नाही. पण आजूबाजूचे शाबूत भाग त्याचं काम काही प्रमाणात अंगावर घेऊ शकतात. ते शिकतात सरावानं, तीच कृती पुन्हा पुन्हा करून. नुसत्या मालिशनं मेंदू काही शिकत नाही. शिकण्याचा हा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि नेमके तेच महिने आपण 'आरामा'त घालवतो.

पहिल्याच दिवशी रुग्णाला दामटून चालवायचं, असा याचा अर्थ नाही. पहिल्या 24 तासांत खूप हालचाल करवणं हिताचं नाही, हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅव्हर्ट' चाचणीत दिसलं. डॉक्टरांनी परवानगी दिली की थोडा थोडा, पण दिवसातून अनेकदा सराव हवा.

आपल्याकडून एवढं व्हायलाच हवं :

1. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तत्काळ 108 ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मांत्रिक आणि लेप यांत हा वेळ घालवू नका.

2. गिळता येतं का, हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पाणी किंवा चहा पाजू नका. घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

3. डिस्चार्जच्या आधी व्यायाम समजावून घ्या आणि डॉक्टरांसमोर स्वतः करून दाखवा.

4. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा सरकतो. झोपून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला.

5. बोटं थोडी हलत असतील तर ताटलीत वाटाणे ठेवा आणि दुबळ्या हातानं एकेक उचलून वाटीत टाकायला सांगा. वाटाणा निसटेल, पुन्हा निसटेल. मदतीला हात पुढे करू नका, त्या धडपडीतच मेंदू शिकत असतो.

सहा महिने उलटले म्हणून आशा सोडू नका. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या 222 रुग्णांवर अमेरिकेत 'एक्साइट' चाचणी झाली. मनगट-बोटांत थोडी हालचाल उरलेल्या काही रुग्णांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जाड हातमोजा चढवून दुबळ्या हाताकडून कामं करवून घेतली. त्या हातात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

पैशांची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला फिजिओथेरपी विभाग गाठा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

आपल्या गल्लीत, वाडीत, सोसायटीत असा रुग्ण असेल तर आजच त्याच्या घरी जा आणि विचारा : "व्यायाम सुरू झाला का?" नसेल झाला, तर उद्या त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.